मागून धक्का आणि मान

आपल्या मानेतील सात मणक्यांना किंचित बाक असतो. त्यामुळे डोक्यावरचा आघात स्नायूही झेलतात. मान सुमारे ३० अंश पुढे झुकली, की हा बाक नाहीसा होतो.

आइस हॉकीत मैदानाभोवती कठडा असतो. कठड्यासमोरील खेळाडूला मागून धक्का बसला, तर त्याला सावरायला वेळ मिळत नाही. वाकलेले डोके कठड्यावर आदळून थांबते, धड मात्र पुढे येतच राहते. मधले मणके चिरडतात. मज्जारज्जूला इजा झाल्यास हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. हेल्मेट कवटी वाचवते, मान नव्हे.

टोरांटोचे शल्यविशारद चार्ल्स टेटर यांनी अशा दुखापतींची नोंद ठेवली, तेव्हा मागून बसलेला धक्का हे प्रमुख कारण आढळले. कॅनडात १९८५ साली त्याविरुद्ध खास नियम झाला. पण पंचाची शिट्टी धक्क्यानंतर वाजते. समोर पाठ दिसताच स्वतःला आवरण्याची सवय आपण मुलांना आधीच लावायला हवी.