आजाराची रोजनिशी

काही दुखणी पाहुण्यासारखी येतात आणि चार दिवस राहून निघून जातात. काही मात्र घरात बिऱ्हाडच थाटतात. पडसे-खोकला पहिल्या जातीचा. मधुमेह, रक्तदाब, दमा दुसऱ्या जातीचे. पाहुण्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, परंतु बिऱ्हाडकरूचा ठेवावाच लागतो.

माझ्या थोरल्या बंधूंना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या असे त्यांचे सारे कागद एका कापडी पिशवीत भरून खुंटीला टांगलेले असत. मागील वर्षी दादा पुण्यास मुलाकडे गेले असता त्यांच्या पायांवर सूज आली. तेथील डॉक्टरांनी रक्त तपासले. क्रिएटिनिन १.४ भरले. "हे पहिल्यापासूनच इतके आहे, की अलीकडे वाढले?" डॉक्टरांनी विचारले. दादा गप्प राहिले. पिशवी गावी खुंटीवर होती!

मुलांनो, या एका प्रश्नावर केवढे अवलंबून होते ते पाहा. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ होय. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. ती थकली की तो रक्तात साचू लागतो. एखाद्याचा आकडा पाच वर्षे १.४ वरच स्थिर असेल, तर डॉक्टर त्यावर केवळ लक्ष ठेवतील. तोच आकडा सहा महिन्यांपूर्वी १.० असेल, तर मूत्रपिंडांना नुकतीच कसली तरी इजा होत आहे असे समजून तिचे कारण त्वरित शोधावे लागेल. सुट्या आकड्याला अर्थ येतो तो त्याच्या मागच्या आकड्यांमुळे.

असे आकडे रुग्णाबरोबर गावोगाव जावेत, यासाठी भारत सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केले. त्यात नाव नोंदविणाऱ्यास १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. आपले सर्व अहवाल दिल्लीतील एखाद्या मोठ्या कपाटात जाऊन पडतात, अशी पुष्कळांची समजूत असते, माझीही होती. वस्तुतः ज्या रुग्णालयाने वा प्रयोगशाळेने तपासणी केली, तिच्यापाशीच अहवाल राहतो. क्रमांक हा केवळ ते सारे मणी ओवणारा दोरा. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहावयाचे असल्यास रुग्णाची संमती मागितली जाते. कोणते अहवाल दाखवावे, किती दिवस दाखवावे हे रुग्ण ठरवितो, आणि दिलेली संमती त्याला परतही घेता येते. जे रुग्णालय या योजनेत सामील नाही, तेथील कागद मात्र आपोआप येत नाहीत. त्यांची छायाचित्रे आपणच मोबाइलमध्ये साठवावी लागतात.

दादांचेही तसेच झाले. वहिनींनी पिशवी शेजाऱ्यांबरोबर पुण्यास धाडली. काही अहवालांवरची शाई उडून गेली होती. ते वाया गेले. उरलेले दादांच्या सातवीतील नातीने तारखेप्रमाणे लावले आणि एकेकाचे छायाचित्र घेतले. ०.९, १.०, १.०, आणि मग एकदम १.४. ती ओळ पाहून डॉक्टरांनी विचारले, "दिवाळीनंतर कोणते नवे औषध घेतलेत?"

दादांना तेव्हा आठवले. गुडघे दुखतात म्हणून ते दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. अशा गोळ्यांनी मूत्रपिंडांस अपाय होऊ शकतो. डॉक्टरांनी त्या त्याच दिवशी बंद केल्या. दोन महिन्यांनी आकडा १.१ वर आला, आणि नातीने तोही नोंदविला.

पिशवी मात्र दादा अजून खुंटीवरून काढू देत नाहीत.