वाढलेल्या ताकदीचा गिअरबॉक्स
मोटारीच्या इंजिनाला टर्बो जोडून ताकद वाढवली, की मोठा ताण गिअरबॉक्सवर येतो. गिअर एकमेकांना रेटतात, शाफ्ट किंचित वाकून दूर जातात आणि सगळा भार दातांच्या कडांवर पडून दात तुटतात. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत घडाईच्या पोलादाचे, रुंद दातांचे गिअर बसवतात. दातांच्या मुळाशी बारीक छऱ्यांचा मारा केल्याने तडा लवकर जात नाही. सरळ दातांचे गिअर शाफ्टला तिरक्या दातांसारखे बाजूला ढकलत नाहीत. आवाज मात्र फार करतात.

खरा शत्रू उष्णता. परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा हवेत गिअरबॉक्सचे कवच सावकाश निवते. तेल तापून पातळ होते आणि दातांमधला त्याचा थर तुटतो. यावर उत्तम उपाय म्हणजे विजेवरचा छोटा पंप. तो तेल गाळणीतून कूलरकडे नेतो आणि थंड झालेले तेल थेट दात जुळतात तिथे फवारतो. थंड तेल घट्ट असल्याने पंप ठरावीक तापमानानंतरच सुरू व्हावा. तेलाचा प्रकार मात्र उत्पादकाने सांगितलेलाच हवा. फार निसरड्या तेलाने गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरची पकड सुटते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून अशी ताकद वाढवलेल्या गाडीची जागा शर्यतीच्या ट्रॅकवरच आहे.