घरट्याला जागणारा कैकर

पावसाळा सरून नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले आणि शेतांतून रब्बीची पेरणी सुरू झाली, की कोकणच्या खाड्यांवर, पैठणच्या नाथसागरावर, उजनीच्या विस्तीर्ण फुगवट्यावर आणि गोव्यात मांडवी-झुआरीच्या मुखांशी उत्तरेकडून आलेला एक शिकारी पक्षी दिसू लागतो. वरून गडद तपकिरी, खालून स्वच्छ पांढरा, पांढऱ्या मस्तकावर डोळ्यातून मानेपर्यंत ओढलेला काळसर पट्टा आणि पिवळी, रोखलेली दृष्टी असे त्याचे रूप असते. पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास भरतो, आणि उडताना ते लांब, अरुंद पंख मध्येच असे मुडपलेले दिसतात की बऱ्याच उंचीवरूनही घारीपासून तो सहज वेगळा ओळखता यावा. हाच कैकर. फाल्गुन-चैत्रापर्यंत आपल्या मुलखात मुक्काम करून तो पुन्हा उत्तरेकडे प्रयाण करतो.

लिनियसने १७५८ साली या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. घारी, गरुड आणि ससाणे यांच्याशी त्याचे साम्य दिसत असले, तरी त्याची शरीररचना इतकी निराळी आहे की शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र कुळच मानले आहे. अंटार्क्टिका वगळता पृथ्वीच्या सर्व खंडांवर त्याचा संचार आहे. एवढ्या भिन्न हवामानांत आणि एवढ्या दूरदूरच्या पाण्यांवर राहूनही त्याने आपला आहार मात्र सर्वत्र एकच ठेवला आहे, आणि तो म्हणजे जिवंत मासा. अन्य शिकारी पक्षी प्रसंगी उंदीर, सरडे, पाखरे, मेलेले जनावर, जे मिळेल त्यावर निर्वाह करतात. कैकराच्या अन्नात मासळीखेरीज इतर पदार्थ शंभरात एखाद्या वेळीही क्वचितच आढळतात.

या एका आहारासाठी निसर्गाने त्याच्या देहाची जी सिद्धता केली आहे, ती पाहून मन थक्क होते. बहुतेक शिकारी पक्ष्यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. कैकराला मात्र बाहेरचे बोट मागे फिरवता येते, त्यामुळे दोन पुढच्या आणि दोन मागच्या बोटांच्या पकडीत निसरडा मासा घट्ट धरला जातो. तळव्यांवर बारीक काटेरी खवले असतात आणि नख्या लांब व अर्धवर्तुळाकार वळलेल्या असतात. पाण्यात शिरताना नाकपुड्या मिटतात, डोळ्यांवर पारदर्शक पडदा ओढला जातो, आणि दाट, तेलकट पिसांमुळे पाणी अंगात मुरत नाही.

शिकारीची रीत तर प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. दहा ते चाळीस मीटर उंचीवरून पाण्याचा अदमास घेत तो संथपणे फिरतो. पृष्ठभागालगत मासा दिसताच पंख फडफडवीत हवेत जागच्या जागी स्थिर होतो, नेम पक्का होईपर्यंत थोडा खाली सरकतो, पुन्हा थांबतो, आणि मग पंख आवरून सरळ खाली झेपावतो. पाण्याला स्पर्श होण्याच्या क्षणी दोन्ही पाय तो मस्तकाच्याही पुढे ताणतो, आणि पुष्कळदा सर्वांगानिशी बुडतो. तरीही मीटरभराहून खोल त्याला जाता येत नाही, म्हणून वर वावरणाऱ्या, उथळ पाण्यातल्या मासळीवरच त्याची मदार असते. प्रत्येक झेप फळाला येते असेही नाही. अनेकदा त्याला रिकाम्या पायांनी वर उठून पुन्हा पहिल्यापासून टेहळणी आरंभावी लागते. मासा हाती लागलाच, तर जड झालेल्या पंखांनी तो पाण्याबाहेर येतो, उडता उडताच अंग झटकून पाणी उडवतो, आणि वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून माशाचे तोंड पुढे राहील अशा बेताने तो पायांत फिरवून धरतो. मग एखाद्या वठलेल्या झाडावर किंवा खाडीत रोवलेल्या खांबावर बसून तो डोक्याकडून मासा खाऊ लागतो. दिवसाला तीन-चारशे ग्रॅम मासळीत त्याचे भागते. कोळ्याच्या जाळ्यातील संपत्तीला यामुळे काही तोशीस लागते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

विणीचा संसार मात्र तो मुख्यतः शीत आणि समशीतोष्ण प्रदेशांत थाटतो. पाण्याच्या जवळ, चहूबाजूंनी मोकळ्या अशा उंच झाडाच्या शेंड्यावर, कड्यावर किंवा विजेच्या मनोऱ्यावर काटक्यांचे प्रचंड घरटे रचले जाते. नर काटक्या आणतो, मादी त्यांची मांडणी करते; आत गवत, शेवाळ, सालपटे यांचे अस्तर घालतात. हे घरटे एका हंगामापुरते नसते. हिवाळा परस्परांपासून दूर काढूनही नर आणि मादी वसंतात त्याच जागी परततात, जुन्या काटक्यांवर नव्या रचतात, आणि अशी पिढीजात वहिवाट चालू राहिल्याने काही घरटी माणसाच्या उंचीहूनही जाड होतात. परत आलेला नर पायांत मासा धरून आकाशात उंच चढत-उतरत, साद घालीत मादीचे आराधन करतो. मादी बहुधा तीन अंडी घालते. दुधी रंगावर तांबूस तपकिरी ठिपक्यांची ही अंडी पाच-सहा आठवडे उबवावी लागतात. त्या अवधीत आणि पिले लहान असेपर्यंत मादीच्या व पिलांच्या अन्नाचा सारा भार नरावर असतो. सात-आठ आठवड्यांची झाली की पिले उडू लागतात, आणि पुढे कोणाही वडीलधाऱ्याच्या सोबतीवाचून हजारो किलोमीटरांचा पहिला प्रवास एकटी करतात.

एकाच अन्नावर आणि एकाच घरट्यावर निष्ठा ठेवणाऱ्या या जीवाचे बळ ज्यात आहे, त्यातच त्याची दुर्बलताही आहे, याचा दाखला स्कॉटलंडच्या इतिहासात मिळतो. ठराविक जागी दरवर्षी परतणाऱ्या पक्ष्याला बंदुकीने टिपणे किंवा त्याची अंडी पळवणे सोपे असते. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकाऱ्यांनी आणि अंड्यांचा संग्रह करणाऱ्या हौशी मंडळींनी हेच केले. लोख अन आइलिन या सरोवरातील पडक्या किल्ल्यावरचे प्रसिद्ध घरटेसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटले नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्कॉटलंडमध्ये कैकराची वीण संपुष्टात आल्यासारखी झाली.

पुढे १९५४ साली लोख गार्टन सरोवराकाठी एका जोडीने पुन्हा पिले वाढवली, तेव्हा पक्षिप्रेमींनी त्या घरट्यावर पहारा बसवला. १९५८ साली तो पहारा चुकवून रात्रीच्या अंधारात चोराने अंडी लांबवलीच. त्यावर या पक्षिप्रेमींचे अग्रणी जॉर्ज वॉटरस्टन यांनी धाडसी तजवीज केली. घरट्याची जागा गुप्त राखण्याऐवजी १९५९ साली त्यांनी ती लोकांना दुरून पाहण्यासाठी खुली केली. पहिल्याच हंगामात सुमारे १४,००० लोक येऊन गेले, आणि तीन पिले सुखरूप उडाली. हजारो डोळ्यांचा बंदोबस्त चार पहारेकऱ्यांहून परिणामकारक ठरला. आज ब्रिटनमध्ये कैकराच्या अडीचशेच्या आसपास जोड्या वीण करतात.

अमेरिकेत संकट आले ते बंदुकीच्या रूपाने नव्हे. पिकांवर आणि दलदलींवर फवारलेले डीडीटी हे कीटकनाशक पाण्यात उतरले, सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत साचत गेले, आणि अखेरीस मासळीवरच जगणाऱ्या कैकराच्या देहात त्याची मात्रा सर्वाधिक झाली. त्यामुळे अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबवणाऱ्या मादीच्या भारानेच ती फुटू लागली. पक्षितज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन १९५४ साली कनेक्टिकट नदीच्या मुखाशी राहायला गेले, तेव्हा आसपास दीडशेच्या घरात घरटी होती. दहा वर्षांत ती वीसच्या आत आली. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, लोकांनी खांबांवर कृत्रिम मंच उभारून घरट्यांची सोय केली, आणि हळूहळू तेथील किनारे पुन्हा गजबजले.

आपल्याकडे कैकर घरटे बांधायला येत नाही, म्हणून त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य नाही असे मानणे योग्य होणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे; परंतु त्याचे खरे रक्षण कायद्याच्या कलमांपेक्षा पाण्याच्या स्थितीवर अवलंबून आहे. वर्षातले पाच-सहा महिने तो आपल्या जलाशयांतील मासळीवर शरीर पोसतो, आणि त्याच बळावर वसंतात आपल्या घरट्याकडे जातो. कारखान्यांचे सांडपाणी, शेतांतून वाहून येणारी विषे आणि खाड्यांत पडणारा भराव यांची झळ आपल्या गावच्या मासळीला लागली, की ती दूर उत्तरेतल्या एखाद्या घरट्यातील पिलांपर्यंत पोहोचते. स्कॉटलंड आणि अमेरिका येथे चूक उमगल्यावर दुरुस्तीसाठी कित्येक दशके खर्ची घालावी लागली. आपल्या खाड्या आणि धरणे अजून कैकराला पोसत आहेत तोवर ती स्वच्छ राखणे, पाण्यात उभी असलेली वठलेली झाडे उगाच न तोडणे आणि दर हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांची नोंद ठेवणे, एवढे जरी पाणथळींच्या काठच्या गावांनी मनावर घेतले, तरी ती दशके आपल्याला वाचवता येतील.