ओफेलियाला बुडताना कोणी पाहिले?

‘हॅम्लेट’च्या चौथ्या अंकाच्या शेवटी राणी गर्ट्रूड ओफेलिया बुडाल्याची बातमी घेऊन येते. बातमी दोन वाक्यांची. पण राणी सगळे बारकाईने सांगते. ओढ्यावर झुकलेले वाळुंजाचे झाड, मोडलेली फांदी, पाण्यावर काही वेळ पसरून राहिलेली वस्त्रे, त्या अवस्थेतही चाललेले गाणे, आणि शेवटी भिजून जड झालेल्या कपड्यांनी तिला खाली ओढून नेणे. एवढे पाहणारे कोणीतरी काठावर उभे असलेच पाहिजे. मग त्याने हात का दिला नाही? तिचा सख्खा भाऊ लेअर्टिससुद्धा फक्त जागा विचारतो. पुढच्या अंकात कबर खोदणाऱ्यांना प्रश्न पडतो तो वेगळाच: हिने स्वतःच जीव दिला असेल, तर हिला ख्रिस्ती दफनाचा अधिकार आहे का? असा प्रश्न शेक्सपिअरच्या गावाजवळ खरोखरच उभा राहिला होता. डिसेंबर 1579 मध्ये स्ट्रॅटफर्डनजीक टिडिंग्टनला कॅथरीन हॅम्लेट नावाची तरुणी एव्हन नदीत बुडाली. चौकशीअंती ती पाणी आणायला गेली असताना पाय घसरून पडली, असे ठरले. शेक्सपिअर तेव्हा 15 वर्षांचा होता.

क्लेअर मॅकार्थी यांच्या ‘ओफेलिया’ या चित्रपटाने काठावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे: ती बुडालीच नाही. लिसा क्लाइन यांच्या 2006 च्या कादंबरीवर आधारलेला, सेमी चेलास यांनी पटकथा लिहिलेला हा चित्रपट 2018 च्या सनडान्स महोत्सवात प्रथम दाखवला गेला. डेझी रिडलीची ओफेलिया राणीच्या सेवेतली, लिहिता-वाचता येणारी मुलगी आहे. ती हॅम्लेटशी गुपचूप लग्न करते, राजा क्लॉडियसच्या दरबारातून सुटण्यासाठी वेडाचे सोंग घेते आणि मृत्यूसारखी गुंगी आणणारे औषध पिऊन स्वतःचे मरण रचते. ही युक्ती शेक्सपिअरच्याच ज्युलिएटची. तिथे निरोप वेळेवर पोचला नाही म्हणून ती फसली, इथे साधते.

पहिल्याच दृश्यात ती फुलांसह पाण्यावर तरंगताना दिसते आणि आपली कथा आपणच सांगणार असे म्हणते. हे दृश्य जॉन एव्हरेट मिले यांच्या चित्रावरून घेतले आहे, आणि त्या चित्रापाशी थांबायलाच हवे. मिले यांनी 1851 मध्ये सरे परगण्यातल्या हॉग्जमिल नदीकाठी बसून झाडेझुडपे रंगवली. ओफेलियाची आकृती मात्र लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर, हिवाळ्यात. त्यासाठी मॉडेल म्हणून एलिझाबेथ सिडल पाण्याने भरलेल्या टबात तासन्‌तास पडून राहायची. पाणी कोमट राहावे म्हणून खाली दिवे ठेवले होते. एकदा ते विझले, चित्रकाराचे लक्ष गेले नाही, आणि ती गारठली तरी बोलली नाही. ती आजारी पडल्यावर वडिलांनी 50 पौंडांची मागणी केली. ही सिडल स्वतः चित्रे काढी, कविता लिही. 1857 मधल्या प्री-राफेलाइट चित्रकारांच्या प्रदर्शनात ती एकमेव स्त्री होती. 1862 मध्ये लॉडनम या अफूच्या अर्काच्या अतिसेवनाने ती गेली. आज टेट ब्रिटनमध्ये लोक जिच्याकडे पाहत उभे राहतात, ती अशी गप्प राहिलेली बाई आहे. त्याच चित्रातल्या मुलीला चित्रपटाने आधी बोलायला लावले, हे मला फार मोलाचे वाटते.

हा बदल आजच्या काळाने जुन्या नाटकावर लादलेला आहे, असा आक्षेप सहज घेता येईल. तो टिकत नाही. हॅम्लेटची कथा 1200 च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने लॅटिनमध्ये लिहिली. त्यातल्या अ‍ॅम्लेथचे, म्हणजे हॅम्लेटचे, वेड खरे की खोटे हे पाहण्यासाठी तिथेही एका तरुणीला त्याच्यावर सोडले जाते. तिला नाव नाही; पण ती त्याची बालपणीची सोबतीण आहे, आणि राजाची माणसे खोदून विचारतात तेव्हा ती त्याचे गुपित राखते. ती वेडी होत नाही, बुडतही नाही. शेक्सपिअरने तिला नाव दिले, पण तिचे गुपित काढून घेतले: त्याची ओफेलिया हॅम्लेटचे पत्र बापाच्या हाती देते आणि आमिष म्हणून उभी राहते. चित्रपटातली, राजाला न जुमानणारी ओफेलिया सॅक्सोच्या त्या अनाम मुलीच्या जवळची आहे.

मराठीत ‘हॅम्लेट’ आला तो गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढताना त्यांनी या भाषांतरावर काम केले. पुढे गणपतराव जोशांनी शाहूनगरवासी नाटक मंडळीत तो गाजवला. तेव्हा आपल्याकडे स्त्रीभूमिका पुरुषच करीत, जशा शेक्सपिअरच्या काळात मुलगे करीत. ओफेलियाचे दुःख बाईच्या तोंडून ऐकायला दोन्हीकडच्या प्रेक्षकांना बरीच वाट पाहावी लागली.

म्हणूनच चित्रपटाने केलेला एक बदल मला पटत नाही. नाटकातल्या वेडाच्या प्रवेशात ओफेलिया राजाराणीसमोर अश्लील गाणी म्हणते, बडीशेप आणि सताप वाटते. सताप पश्चात्तापाची वनस्पती. ती कोणाच्या हाती द्यायची हे संहितेत लिहिलेले नाही, नटीने ठरवायचे. एल्सिनोरच्या साऱ्या राजवाड्यात राजाला तोंडावर दोष देण्याची मोकळीक तेवढ्या प्रवेशापुरती तिलाच आहे, आणि ती तिच्या खऱ्या दुःखातून आली आहे: तिचा बाप मारला गेला, घाईने, मानमरातबाशिवाय पुरला गेला, आणि मारणारा तिचा प्रियकर. चित्रपटात हे वेड सोंग ठरते. सोंग घेणारी ओफेलिया हुशार दिसते, पण वेडाचे सोंग हा हॅम्लेटचा डाव आहे. बापाच्या मरणाने कोसळलेली आणि तरीही राजाला सुनावणारी मुलगी ही तिची स्वतःची होती. तिला पडद्यावर तसेच उभे करून मग पाण्यातून वाचवता आले असते.