जड शब्द कधी, साधा शब्द कधी

सभा पुढे ढकलली आहे, हे इंग्रजीत सहकाऱ्याला सांगताना ‘पुट ऑफ’ पुरतं. सभासदांना नोटीस काढायची तर ‘पोस्टपोन’ शोभतं. अर्थ एकच, पण ऐकणारा बदलला की शब्द बदलतो. गेट आणि ऑब्टेन, हेल्प आणि असिस्ट, स्टार्ट आणि कमेन्स, फाइंड आउट आणि असर्टेन अशा जोड्या इंग्रजीत पावलोपावली भेटतात.

त्यांतल्या बऱ्याच इतिहासाने घडवल्या आहेत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच आली; पुढे न्यायालयांतही तीच रुजली. चर्चची आणि विद्येची भाषा लॅटिन. शेतात, घरात मात्र इंग्रजीच. न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं, आणि तेव्हाही नोंदी लॅटिनमध्येच ठेवायच्या होत्या. म्हणून ‘आस्क’ हा मूळचा इंग्रजी शब्द रोजच्या विचारण्याला राहिला, फ्रेंचमधून आलेला ‘क्वेश्चन’ उलटतपासणीला गेला आणि लॅटिनमधला ‘इंटरॉगेट’ पोलीस चौकशीला. पण नुसत्या मुळावरून शब्दाचं वजन ठरवू नये. यूज, ट्राय, प्लेस हेही फ्रेंचमधूनच आले आणि आज अगदी घरगुती झाले आहेत.

खरी अडचण पुढे आहे. साध्या शब्दाच्या जागी भारदस्त शब्द ठेवला की वाक्याची बांधणीही बदलते, आणि आपल्याकडच्या अर्जांत चुका होतात त्या इथे. ‘आस्क फॉर लीव्ह’ बरोबर आहे. तिथे ‘रिक्वेस्ट’ हे क्रियापद आणलं, की ‘फॉर’ काढून टाकायचा: ‘रिक्वेस्ट लीव्ह’. तोच शब्द नाम म्हणून आला तर ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चालतं, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. ‘टॉक अबाउट’मधला ‘अबाउट’ ‘डिस्कस’पुढे नको. ‘वेट फॉर’मधला ‘फॉर’ ‘अवेट’पुढे नको. ‘गेट टू’मधला ‘टू’ ‘रीच’पुढे नको. ही क्रियापदं आपलं कर्म थेट घेतात. मधल्या शब्दाचं काम त्यांच्या पोटातच झालेलं असतं. शब्द बदलल्यावर त्याच्या पुढचा शब्द पुन्हा एकदा वाचायची सवय लावली, तर निम्मं काम होतं.

दुसरं असं, की प्रत्येक जड शब्द सगळीकडे बसत नाही. परीक्षा कमेन्स होते. मोटार स्टार्टच होते. आणि ‘डिमांड’ आपल्या ‘मागणी’इतका सौम्य नाही. क्रियापद म्हणून त्यात हक्काचा, दरडावणीचा सूर असतो. रजेच्या अर्जात तो आला तर साहेब दुखावतील.

मग औपचारिक पत्र लिहायचं कसं? माझं ठाम मत असं, की अदब जड शब्दांतून येत नाही. ‘डोन्ट’ऐवजी ‘डू नॉट’ लिहा, ‘किड्स’ऐवजी ‘चिल्ड्रन’ लिहा, विनंती ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ने सुरू करा, आणि एकदा लावलेला सूर शेवटपर्यंत सांभाळा. बाकी बिगिन, हेल्प, बाय, आस्क हे शब्द घरातही चालतात आणि कचेरीतही. ब्रिटिश सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहून घेतलं, ते १९४८ साली निघालं; त्याचा रोख असल्याच कचेरीतल्या बोजड भाषेवर होता. अमेरिकेने तर २०१० साली सरकारी लेखन सोपं असावं, असा कायदाच केला.

शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात शब्दापुढे ‘फॉर्मल’ किंवा ‘इन्फॉर्मल’ अशी खूण असते आणि खाली उदाहरणवाक्यं असतात. ती वाक्यं वाचल्याशिवाय नवा भारदस्त शब्द अर्जात घालू नका.