सिलिकॉनच्या पट्ट्या, कणाचा माग आणि यंत्राची स्वतःची तपासणी

आजचा विषय जरा तांत्रिक वाटेल. कणभौतिकीच्या प्रयोगांत कणांचा माग काढण्यासाठी सिलिकॉनच्या पट्ट्यांचे शोधक वापरतात, ते कसे आखतात हे आज बघायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. कारण असं की, अनुमान म्हणजे काय हे सांगताना आपण अजूनही डोंगरावरचा धूर आणि अग्नी हेच उदाहरण देतो. उदाहरण उत्तमच आहे. पण या यंत्रात एक वेगळी अडचण येते. ज्या डोळ्याने धूर पाहिला तो डोळा जागेवर आहे की सरकलाय, हेसुद्धा तिथे बऱ्याच अंशी धुरावरूनच ठरवावं लागतं. ही अडचण कशी सोडवतात, हा आजचा खरा मुद्दा.

उदाहरण म्हणून आपण एकच यंत्र घेऊ. जिनिव्हाजवळ सर्न ही प्रयोगशाळा आहे. तिथे २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचे पुंजके समोरासमोर येतात, साधारण दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला चार कोटी वेळा. जिथे ते एकमेकांना भिडतात त्या जागांपैकी एका जागी, फ्रान्सच्या हद्दीत, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर सीएमएस नावाचं यंत्र आहे. त्याच्या पोटात सिलिकॉनचा ट्रॅकर बसवलेला आहे. त्यातल्या पट्ट्यांच्या भागात सिलिकॉनचं क्षेत्रफळ जवळपास २०० चौरस मीटर आहे. साधारण टेनिसच्या कोर्टाएवढं म्हणा. त्यात १५,१४८ मॉड्यूल आणि सुमारे ९३ लाख पट्ट्या आहेत.

आता एक पट्टी काय करते ते बघू. सिलिकॉनची एक पातळ चकती घ्यायची, जाडी सुमारे ३०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. तिच्या एका बाजूवर, चिप बनवण्याच्या तंत्रानेच, अगदी अरुंद समांतर पट्ट्या उमटवायच्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक डायोड. या डायोडला उलटा विद्युतदाब द्यायचा, काही शे व्होल्टचा. त्यामुळे सिलिकॉनमधले मोकळे प्रभार बाहेर ओढले जातात आणि आतली जागा शांत होते. अशा शांत जागेतून एखादा विद्युतभारित कण आरपार गेला की वाटेत तो इलेक्ट्रॉन आणि छिद्र यांच्या जोड्या मोकळ्या करत जातो. एक जोडी मोकळी करायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढ्या जाडीत साधारण २० ते २५ हजार जोड्या मिळतात. हे प्रभार जवळच्या पट्टीकडे धावतात, आणि पट्टीच्या टोकाला जोडलेली चिप सांगते : इथून काहीतरी गेलं.

लक्षात घ्या, पट्टी एवढंच सांगते. कोणता कण, किती वेगाने, कुठे निघाला, यातलं काहीही तिला ठाऊक नसतं. थरावर थर रचलेले असतात, पट्ट्यांच्या नळकांड्यासारख्या मधल्या भागात असे दहा थर आहेत. प्रत्येक थर एकेक ठिपका देतो. ठिपके जोडून रेघ काढायची ती आपण. ही सगळी रचना ३.८ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली असते, म्हणून भारित कणाची वाट वाकते. जास्त वाकली तर संवेग कमी, कमी वाकली तर संवेग जास्त. डावीकडे वाकली की उजवीकडे, यावरून प्रभार धन की ऋण ते कळतं.

हे वाकणं किती असतं? १०० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट संवेगाचा कण घ्या. ट्रॅकरची त्रिज्या साधारण १.१ मीटर धरली, तर एवढ्या वाटेत तो सरळ रेषेपासून जेमतेम १.७ मिलिमीटर बाजूला जातो. संवेग दहापट केला तर ०.१७ मिलिमीटर, म्हणजे १७० मायक्रॉन. एक-दोन केसांच्या जाडीएवढं! आणि सगळं मापन या एवढ्याशा वाकण्यावर उभं आहे.

मग पट्ट्या जितक्या अरुंद तितकं चांगलं, असं कुणीही म्हणेल. सीएमएसमध्ये एका पट्टीपासून दुसरीचं अंतर ८० ते २०५ मायक्रॉन आहे. अंतर ८० असेल आणि फक्त 'कोणती पट्टी' एवढंच कळत असेल, तर जागेतली अनिश्चितता सुमारे २३ मायक्रॉन येते. अंतराला बाराच्या वर्गमुळाने भागायचं, एवढा साधा हिशोब आहे. प्रभार दोन शेजाऱ्यांत वाटला गेला तर त्या वाटणीवरून आणखी बारीक अंदाज करता येतो. पण पट्ट्या वाढल्या की चिपा वाढतात, वीज वाढते, उष्णता वाढते, ती काढायला नळ्या लागतात. म्हणून पट्टीची रुंदी कामावरून ठरते. याच यंत्रात प्रीशॉवर नावाचा एक भाग आहे, त्याचं काम जवळजवळचे दोन फोटॉन आणि एकटा फोटॉन यांतला फरक ओळखायचा. त्यासाठी जवळपास दोन मिलिमीटर अंतरावरच्या पट्ट्या पुरतात. त्यातले काही सिलिकॉन शोधक आपल्याकडचे आहेत बरं का. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ते विकसित केले आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवले.

दुसरी अडचण अशी की पट्टी लांब असते. कण तिच्या रुंदीत कुठे होता ते कळतं, लांबीत कुठे ते कळत नाही. मग काही थरांत दोन चकत्या पाठीला पाठ लावून बसवतात आणि दुसरी थोडी तिरपी ठेवतात. काटकोनात का नाही ठेवत? समजा, दोन कण एकदम आले. दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या पेटल्या, तर छेदबिंदू चार होतात. त्यातले दोन खरे आणि दोन भुताटकीचे. गर्दीत ही भुतं फार होतात. म्हणून तिरपेपणा सुमारे पावणेसहा अंशांचाच ठेवला. लांबीतली अचूकता थोडी सोडली, भुतं कमी केली.

तिसरी अडचण पाहण्याच्या क्रियेतच आहे. थर वाढवले की ठिपके वाढतात. पण प्रत्येक थर म्हणजे कणाच्या वाटेतला अडथळाही आहे. त्यातलं सिलिकॉन थोडंच असतं, जास्त वस्तुमान आधाराचे सांगाडे, तारा आणि शीतकरणाच्या नळ्या यांचं. त्यात कण किंचित भरकटतात, इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात, आणि काही दिशांना तर निम्म्याहून जास्त फोटॉन ट्रॅकरमध्येच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत बदलतात. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं, त्यात दोन फोटॉनची वाट फार महत्त्वाची होती. म्हणजे नीट पाहण्यासाठी जे उभं केलं, तेच पाहायची गोष्ट बिघडवतं! शिवाय हेच कण सिलिकॉनचे अणू जागेवरून हलवतात, गळतीचा प्रवाह वाढत जातो. तापमान सात-आठ अंश वाढलं की हा प्रवाह जवळपास दुप्पट होतो, म्हणून ट्रॅकर शून्याखाली थंड ठेवावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे पंधरा हजार मॉड्यूल नेमके कुठे आहेत? कितीही काळजीने बसवले तरी जागा काही दहा, कधी शंभराहून जास्त मायक्रॉनने चुकते. थंड केलं की सांगाडा आकसतो, चुंबक सुरू केला की थोडा हलतो. आणि आपल्याला मोजायचंय १७० मायक्रॉनचं वाकणं. त्यात २० मायक्रॉनची चूक राहिली तर संवेग बारा टक्क्यांनी चुकतो. यंत्र बंद करून आत फूटपट्टी घेऊन कुणी जाऊ शकत नाही.

उपाय असा करतात : लाखो कणांचे माग घ्यायचे, आणि सगळ्या मागांचे आकडे व सगळ्या मॉड्यूलांच्या जागा ही सगळी अज्ञातं एकाच गणितात घालून एकदम सोडवायची. ठिपके रेघेपासून कमीत कमी हटतील अशा जागा निवडायच्या. तर्कशास्त्राचा विद्यार्थी लगेच म्हणेल, हा अन्योन्याश्रय झाला. मागावरून जागा आणि जागेवरून माग! पण इथे तो दोष दिसतो तेवढा वाईट नाही, कारण एका मॉड्यूलमधून हजारो वेगवेगळे माग जातात, त्या सगळ्यांशी जुळेल अशी जागा मनाला येईल तिथे ठेवता येत नाही. शेजारची मॉड्यूल एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, तेही याला मदत करतं.

तरीही एक सापळा उरतो, आणि तो खरा गंभीर आहे. कल्पना करा की बाहेरचे थर मधल्या अक्षाभोवती थोडे थोडे फिरले आहेत, जितका थर बाहेरचा तितका जास्त. मध्यातून निघालेली प्रत्येक रेघ त्यामुळे एकाच बाजूला किंचित जास्त वाकलेली दिसेल. ठिपके रेघेवर अगदी चपखल बसतील. गणित म्हणेल, सगळं छान जुळलं. पण धन कणांचे संवेग एका बाजूला चुकतील आणि ऋण कणांचे उलट बाजूला. अशा बिघाडांना तिथे 'दुबळे प्रकार' म्हणतात, कारण मागांची साक्ष तिथे दुबळी पडते. सगळे साक्षीदार एकाच ठिकाणाहून आलेले असतात आणि एकच चूक एकमुखाने सांगतात.

यावर औषध आकाशातून मिळतं. वातावरणातून येणारे म्यूऑन वरून खाली यंत्राच्या आरपार जातात, मध्यातून निघत नाहीत. फिरलेल्या थरांतून गेलेला असा म्यूऑन वरच्या अर्ध्यात एका बाजूला आणि खालच्या अर्ध्यात दुसऱ्या बाजूला वाकलेला दिसतो, सरळ रेघसुद्धा इंग्रजी 'एस'सारखी होते. एकाच कणाच्या दोन अर्ध्यांचं जमत नाही, आणि चोरी पकडली जाते. २००८ च्या शरद ऋतूत, प्रोटॉनच्या टकरी सुरू होण्याआधीच, सीएमएसने चुंबक लावून अशा सुमारे २७ कोटी घटना नोंदवल्या. त्यांतून निवडलेल्या मागांवरून मधल्या भागातल्या मॉड्यूलांच्या जागा अचूक दिशेने ३ ते ४ मायक्रॉनपर्यंत ठरवता आल्या. पुढे टकरी सुरू झाल्यावर दुसरा साक्षीदार मिळाला. झेड बोसॉनचं वस्तुमान आधीच्या प्रयोगांतून फार अचूक माहीत आहे. दोन म्यूऑनवरून ते काढायचं, आणि दिशेप्रमाणे बदलतंय का ते बघायचं.

आपल्या परंपरेत एक जुना वाद आहे. ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानातूनच कळतं, असं मीमांसक म्हणतात, ते स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, ते बाहेरून तपासावं लागतं, ते परतःप्रामाण्य. त्या वादाचा निकाल ट्रॅकर लावत नाही, आणि लावू शकतो असं मी म्हणत नाही. पण मापनापुरता अभियंत्यांनी नैयायिकांचा मार्ग धरलाय, हे स्पष्ट दिसतं. आतून सगळं जुळणं त्यांना पुरत नाही. वेगळ्या दिशेने आलेली साक्ष ते मुद्दाम मागतात, आणि ती घेता येईल अशी सोय आधीच करून ठेवतात.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, मग शेवटी कण दिसला की नाही?" त्याचं उत्तर इथेच देतो. डोळ्याला दिसला नाही. दहा-बारा ठिपके मिळाले, त्यावरून रेघ काढली, रेघेवरून संवेग काढला. या प्रत्येक पायरीवर चूक कुठे लपू शकते हे सांगता येतं, आणि ती शोधायची रीतही सांगता येते. कुणी एखादी गोष्ट 'पाहिली' म्हणून सांगतो तेव्हा त्याच्याकडेही एवढंच मागावं : तुमच्या पाहण्यातली चूक कशी शोधाल ते सांगा.