‘ताठ’ आणि ‘उभा’ : स्थिर उभे राहण्याच्या एका चिनी साधनेविषयी

मराठीत ‘ताठ’ आणि ‘उभा’ हे शब्द पुष्कळदा जोडीने येतात. परंतु त्यांचे अर्थ एक नव्हेत. ‘उभा’ हा संस्कृत ‘ऊर्ध्व’ शब्दाचा, प्राकृतातील ‘उब्भ’ या रूपावाटे आलेला वंशज होय, आणि त्यात केवळ दिशा आहे. ‘ताठ’ या शब्दात मात्र ताण आहे. ‘ताठा’ हा गर्वाचा वाचक झाला तो त्यामुळेच. शाळेत मुलाला ‘ताठ उभा राहा’ असे सांगताना आपण त्याच्याकडे दोन निराळ्या गोष्टी एकदम मागत असतो. आरोग्याच्या दृष्टीने त्यांपैकी पहिली कितपत इष्ट आहे, हे चीनमधील एका साधनेच्या अनुषंगाने पाहण्यासारखे आहे.

या साधनेचे नाव ‘चान च्वांग’. (रोमन लेखनावरून ते ‘झान झ्वांग’ असे वाचले जाते, मूळ ध्वनी अघोष, अल्पप्राण व मूर्धन्य असल्याने आपल्या ‘च’लाच अधिक जवळचा आहे.) पहिल्या पदाचा अर्थ उभे राहणे, दुसऱ्याचा जमिनीत रोवलेला खुंट. संस्कृतातील ‘स्थाणु’ शब्दातही खुंट, अचल आणि ध्यानस्थ शिव हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे येथे सहज आठवते. साधक पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवतो, गुडघे किंचित वाकवतो, खांदे सैल सोडतो आणि एखाद्या झाडाला कवेत घ्यावे तसे हात छातीसमोर धरतो. वांग श्यांगचाय (१८८५–१९६३) या युद्धविद्येच्या आचार्याने ही स्थिती आपल्या शिक्षणाचा पाया केली. त्याचा शिष्य यू योंगन्येन हा व्यवसायाने दंतवैद्य होता, आणि ही साधना रुग्णांच्या उपचारात आणण्याचे श्रेय बव्हंशी त्याच्याकडे जाते.

चिनी परंपरा तिच्या गुणाचे कारण ‘ची’ या संकल्पनेत शोधते. आपल्याकडील ‘प्राण’ शब्दाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण येथे तिची गरज नाही, शरीरशास्त्र पुरेसे आहे. उभ्या माणसाची गुरुत्वरेषा घोट्याच्या सांध्याच्या थोडी पुढून जाते. त्यामुळे शरीराचा कल सतत पुढे पडण्याकडे असतो, आणि पोटरीचे स्नायू त्याला अखंड मागे खेचत राहतात. स्थिर दिसणारा माणूस वस्तुतः बारीक बारीक हेलकावे घेत असतो. गुडघे मागे दाबून, छाती फुगवून उभे राहिले की ही हालचाल कुंठित होते आणि पायांत उतरलेले रक्त वर ढकलण्याचे पोटरीचे कार्य मंदावते. ‘सावधान’ स्थितीत बराच वेळ उभे असलेले जवान घेरी येऊन पडतात त्याचे हे एक प्रमुख कारण. चिनी साधनेत गुडघा मोकळा असतो; भार मांड्यांवर येतो, आणि नवशिक्याचे पाय दोन-चार मिनिटांतच थरथरू लागतात. म्हणजे ज्याला आपण विश्रांती समजतो तो व्यायामच आहे.

त्याचे फळ किती? खास या साधनेवरील प्रयोग थोडे व लहान आहेत. तिच्या निकटच्या प्रकारांवरील पुरावा अधिक भक्कम आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, २७० प्रयोगांच्या एका एकत्रित परीक्षणात स्थिर ताणाच्या व्यायामांनी वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ८ अंकांनी उतरलेला आढळला. त्यांत भिंतीला पाठ लावून अर्धे बसण्याचा व्यायाम विशेष गुणकारी ठरला. ताय-ची या संथ व्यायामाने वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे पंचमांशाने घटू शकते, असे २०१९ च्या एका परीक्षणाने दाखविले. असाध्य रोग बरे झाल्याच्या कथांना मात्र असा कोणताही आधार नाही. पायांच्या शिरा फुगलेल्यांनी व उभे राहिल्यावर चक्कर येणाऱ्यांनी वैद्याला विचारल्यावाचून हा प्रयोग करू नये.

उभ्या स्थितीचा विचार आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सहा स्थानांपैकी ‘समपाद’ या स्थानात दोन्ही पावले एक ताल अंतरावर सारखी ठेवून शरीर स्वाभाविक राखावयाचे असते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात आसनांचा आरंभ ताडासनापासून केला. जैनांचा कायोत्सर्ग तर नावानेच देहभाव सोडावयास सांगतो. कुंभोजची बाहुबलीची मूर्ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे अधिक सांगावयास नको. ‘ठाण मांडणे’ या आपल्या वाक्प्रचारातील ‘ठाण’ म्हणजे हेच ‘स्थान’.

परंतु कोणी किती उभे राहावे याचे उत्तर प्रत्येकाच्या श्रमावर अवलंबून आहे. वसमतचेच उदाहरण घ्यावे. येथील हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या व्यापारात दिवसभर वह्यांवर वाकून बसणाऱ्या मुनीमाला सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटांपासून आरंभ करून असे उभे राहणे हितकर होईल. पण उन्हाळ्याच्या तोंडी कंद निघू लागले की गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून वेगळी करणाऱ्या बाईचे सारे काम उकिडवे बसून किंवा कमरेतून वाकून चालते. वाकलेल्या स्थितीत कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर सरळ उभ्या स्थितीपेक्षा पुष्कळ अधिक दाब पडतो. तिच्या मांड्या अगोदरच थकलेल्या असतात. त्यांवर आणखी वीस मिनिटांचा भार घालणे हा उपचार नव्हे. तिला हवी आहे ती तासातून दोनदा उठून, कमरेवर हात ठेवून, चार पावले चालण्याची सवड. आणि ती सवड तिच्या हाती नसते, मजुरी ठरविणाऱ्याच्या हाती असते.